आमच्या मुलांची प्रतिज्ञा कुठे गेली?



गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या सभागृहात बालगोपाळांचा कार्यक्रम होता. पाचवीपासून नववीपर्यंतची 23 मुले रंगमंचावर उभी होती. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई सहज म्हणाल्या, "चला, आज सुरुवात प्रतिज्ञेने करू या. कोण सांगतं?" एकही हात वर झाला नाही. एका मुलाने विचारले, "कोणती प्रतिज्ञा, मॅम?" एका मुलीने इंग्रजीतून पहिले वाक्य म्हटले आणि दुसऱ्या वाक्यावर ती अडखळली. समोरच्या खुर्च्यांवर त्यांचे आई-वडील बसले होते. त्यांच्यातही कुजबुज सुरू झाली, कारण मधली वाक्ये त्यांनाही आठवेनात.

सभागृहाच्या रखवालदाराची मुलगी दाराशी उभी होती. सरकारी शाळेत चौथीत शिकते. बापाला खुर्च्या लावायला मदत करून ती कार्यक्रम बघत थांबली होती. ताईंनी तिला खुणेने विचारले, आणि त्या पोरीने उजवा हात समोर धरून, न चुकता, तेलुगूतून सगळी प्रतिज्ञा म्हणून दाखवली. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या. घरी जाताना मात्र आम्हाला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

ही गोष्ट आम्ही कार्यकारिणीत मांडली. मंडळाच्या रविवारच्या बालवर्गाची सुरुवात मराठी आणि तेलुगू प्रतिज्ञेने व्हावी, एवढाच साधा ठराव होता. आम्हाला वाटले होते, दोन मिनिटांत मंजूर होईल. तासभर वाद झाला. कोणी म्हणाले, हे शाळेचे काम आहे, आपले नव्हे. कोणी म्हणाले, ही नुसती पोपटपंची आहे, त्याने काय साधणार? कोणी म्हणाले, सक्तीची देशभक्ती आम्हाला नको. आणि एक सद्गृहस्थ तर अगदी उलट टोकाला जाऊन म्हणाले, जो म्हणणार नाही त्याचे नाव वर्गातून काढा. ठराव आता वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. त्याआधी या चारही मंडळींना आम्ही इथे जाहीर उत्तर देत आहोत.

ही प्रतिज्ञा आली कुठून?

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या घराशेजारचा आहे आणि तरीही आपल्याला ठाऊक नाही.

आपल्यातल्या बहुतेकांची समजूत अशी आहे की प्रतिज्ञा दिल्लीतल्या कुठल्यातरी समितीने लिहिली असेल. तसे नाही. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली आणि लिहिणारे होते पैडिमर्री वेंकट सुब्बाराव. गाव अन्नेपर्ती, जिल्हा नळगोंडा, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानचाच मुलूख. 1962 साली ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. चीनने आक्रमण केले ते ते वर्ष. त्या काळात मुलांच्या मनात देशाविषयी काही रुजावे म्हणून या सरकारी नोकराने चार-सहा वाक्ये लिहिली. तेन्नेटी विश्वनाथम् यांच्यामार्फत ती त्या वेळचे आंध्र प्रदेशचे शिक्षणमंत्री पी. व्ही. जी. राजू यांच्याकडे गेली. 1963 मध्ये विशाखापट्टणमच्या शाळेत मुलांनी ती प्रथम म्हटली. 1964 मध्ये बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती. तिथे ठरले आणि 26 जानेवारी 1965 पासून देशभरच्या शाळांतून प्रतिज्ञा म्हटली जाऊ लागली.

त्या साली जी मुले पहिली-दुसरीत होती ती आज सत्तरीला टेकली आहेत. या पत्रिकेच्या वाचकांत ती पुष्कळ आहेत. सुलतान बाजार, काचिगुडा, गौळीगुडा, बरकतपुरा या भागांत राहून, मराठी माध्यमाच्या वर्गात, रोज सकाळी हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणणारी पहिली पिढी तीच.

आणि सुब्बाराव? वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकात प्रतिज्ञा छापली गेली ती नावाशिवाय. आपण लिहिलेली वाक्ये देशभरची मुले म्हणतात हे त्यांना स्वतःलाही फार उशिरा, नातीच्या पुस्तकातून कळले असे सांगतात. 1988 साली ते वारले. आम्ही ज्या मुलाला पुस्तके, कवी, लेखक पाठ करायला लावतो त्याला हे नाव माहीत नाही. दोष मुलाचा नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हते. पिढ्यान् पिढ्या या मुलखाचे अन्न खाऊन, या मुलखाने देशाला दिलेली एवढी मोठी गोष्ट आम्ही दिल्लीच्या खात्यावर जमा करून मोकळे झालो.

त्या रखवालदाराच्या मुलीने जी म्हटली ती म्हणजे अनुवाद नव्हता. अनुवाद तो आमचा. आणि तेलुगूतला एक शब्द तर ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मराठीत आपण देशातल्या लोकांना बांधव म्हणतो, तिथे तेलुगूत 'सहोदर' आहे. एका उदरातून जन्मलेले. शब्द संस्कृत, आपल्यालाही कळणारा, पण बांधवापेक्षा जास्त जवळचा. बांधव चुलत असू शकतो, दूरचा असू शकतो. सहोदर एकाच आईचा.

"हे शाळेचे काम आहे"

आता पहिल्या आक्षेपाकडे. हे शाळेचे काम आहे हे कबूल. पण शाळा ते करते का, हे आपण कधी विचारले?

आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा आहे. सकाळी तिथून मुलांचा आवाज येतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत, सगळे क्रमाने. पावसात कधी चुकत असेल, एरवी चुकत नाही. त्या शाळेत आमच्यापैकी कोणाचे मूल नाही. आमची मुले पिवळ्या बसमध्ये बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. तिथे वातानुकूलित वर्ग आहेत, पोहण्याचा तलाव आहे, घोड्यावर बसायला शिकवतात. पण मैदानात सगळ्या मुलांनी एकत्र उभे राहण्याची सभा आठवड्यातून एकदा, तीही इयत्तेनुसार पाळीपाळीने. उरलेल्या दिवशी भिंतीवरच्या लाऊडस्पीकरमधून प्रतिज्ञेचा आवाज येतो आणि मुले दप्तरातून वह्या काढत राहतात. आम्ही पाच-सहा घरी जाऊन मुलांना विचारले. दोघांनी सांगितले, स्पीकरवर होते. एकाने सांगितले, पंधरा ऑगस्टला होते. एक म्हणाला, आमच्याकडे ती नसते, आमच्याकडे शाळेचे स्वतःचे गाणे असते. सगळ्याच खाजगी शाळा अशा आहेत असे आम्ही म्हणत नाही. रोज नेमाने सभा घेणाऱ्या शाळाही आहेत. पण आपले मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत आहे हे सांगू शकणारा बाप आम्हाला अजून भेटायचा आहे.

फी वाढली की आम्ही मोर्चा घेऊन शाळेच्या दारात जातो. बस दहा मिनिटे उशिरा आली तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आग लागते. गणिताची बाई बदलली तर चिठ्ठी जाते. मग पालकसभेत एकदा तरी कोणी विचारले का की प्रतिज्ञा रोज होते का, कोण सांगते, मुले उभी राहून म्हणतात की नुसती ऐकतात? नाही विचारले. जी गोष्ट मागितलीच नाही ती शाळा कशाला देईल? शाळा आता दुकान झाले आहे अशी तक्रार आपणच करतो. दुकानात गिऱ्हाईक मागेल तो माल ठेवतात.

मराठीचे एक मिनिट

त्यात आमच्यासारख्यांचा आणखी एक तोटा आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत प्रतिज्ञा मराठीत होई. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती उर्दू-तेलुगूने मुरलेली, आमची हैदराबादी मराठी. तिची आम्हाला लाज नाही, उलट ती आमची खूण आहे. पण निष्ठा, सौख्य, समृद्धी असे शब्द त्या बोलीत रोज येत नाहीत. ते तोंडात बसले ते सकाळच्या त्या एका मिनिटामुळे. चारशे पोरे एका सुरात नीट मराठी गद्य म्हणत होती, त्यात कानडी घरची होती, तेलुगू घरची होती, मारवाडी होती. कोणी त्याला भाषेचा तास म्हणत नव्हते, पण तो भाषेचा तास होता.

निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. खाजगी शाळा काढायची तर परवानगी लागे, पुढे पुढे सभा घ्यायची तर गश्ती निशाण 53 आडवे येई. त्या राज्यात, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी विवेकवर्धिनी उभी केली. त्यांनी खस्ता खाल्ल्या त्या आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून. आज गश्ती नाही, पोलीस नाही. आणि आज मराठी वर्गाला मुले मिळत नाहीत, कारण आम्ही पाठवत नाही. इंग्रजी शाळेत घातले त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. पोटाचा प्रश्न आहे, आमच्याही घरची मुले तिथेच आहेत. पण ते एक मिनिट तरी वाचवता येईल की नाही? बालवर्गात येणाऱ्या मुलाला आठवड्यातून एकदा मराठीत प्रतिज्ञा म्हणायला लावणे हे जर मंडळाचे काम नसेल, तर मंडळाचे काम कोणते? हळदीकुंकू आणि कोजागिरीचे दूध?

तेलुगूलाही नाके मुरडू नयेत. 2018 साली तेलंगणाने कायदा करून पहिली ते दहावी तेलुगू शिकवणे सक्तीचे केले तेव्हा आपल्यातल्या काहींनी कुरकूर केली. का? ज्यांच्यात राहतो त्यांची भाषा चांगली लिहिता-वाचता आली तर आपले काय बिघडते? पी. व्ही. नरसिंह राव यांनी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. आपल्यापैकी किती जणांनी तेलुगूतले काही मराठीत आणले? म्हणून ठरावात दोन्ही भाषा आहेत. मराठी आपली म्हणून, आणि तेलुगू मूळ म्हणून.

"सक्तीची देशभक्ती नको"

तिसऱ्या आक्षेपाला आम्ही आधी उत्तर देतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे, आणि तो घेणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे.

सक्ती म्हणजे काय हे हैदराबादच्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. आमचे आजोबा शाळेत रोज उभे राहून निजामाला दीर्घायुष्य चिंतणारे गाणे म्हणत. म्हणावेच लागे. आणि जे म्हणावेसे वाटे त्याला बंदी होती. 1938 च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटले. ते बंद करण्याचा हुकूम निघाला. मुलांनी ऐकले नाही, संप झाला, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजापर्यंत चळवळ पोचली आणि शेकडो मुलांची नावे काढली गेली. त्यांना जवळ केले ते नागपूर विद्यापीठाने. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही त्या चळवळीपायी नागपूरला गेलेल्यांपैकी. रामचंद्रराव नावाच्या कार्यकर्त्याने तुरुंगात फटके खाताना तोच घोष चालू ठेवला, आणि जन्मभर लोक त्यांना वंदेमातरम् रामचंद्रराव म्हणत राहिले.

या इतिहासातून आमच्या काही मित्रांनी अर्थ काढला की देशभक्तीचे काहीही सामूहिक म्हणणे म्हणजे सक्ती. आम्ही वेगळा अर्थ काढतो. राजाच्या आयुष्याची दुवा मागणारे गाणे हुकमाने म्हणवून घेतले आणि 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान संपले तसे ते गाणेही संपले. आज कोणाच्या तोंडी ते नाही. दुसरे गाणे बंदी घालूनही मेले नाही. म्हणजे हुकमाने काही टिकत नाही आणि बंदीने काही मरत नाही. टिकते ते मनातून म्हटलेले. मग मनातून म्हणता येण्यासाठी आधी तोंडपाठ तरी असायला हवे ना? ज्याला वाक्येच ठाऊक नाहीत तो मनातून काय म्हणणार?

आणि प्रतिज्ञेची तुलना त्या दुव्याशी करूच नये. प्रतिज्ञेत राजा नाही, पक्ष नाही, नेता नाही, देवही नाही. कोणाचा जयजयकार नाही, कोणाचा धिक्कार नाही. शत्रूचे नाव नाही, आणि ती लिहिली गेली युद्धाच्या वर्षी! चीनविरुद्ध चार कडक वाक्ये लिहिली असती तर त्या दिवसांत सुब्बारावांना टाळ्याच मिळाल्या असत्या. त्यांनी लिहिले ते आई-वडिलांचा आणि गुरुजनांचा मान राखण्याविषयी आणि सगळ्यांशी सौजन्याने वागण्याविषयी.

"म्हणणार नाही त्याचे नाव काढा"

आता चौथे सद्गृहस्थ. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो: ही भाषा निजामाच्या कोतवालाची आहे, आपली नव्हे.

1985 मध्ये केरळातल्या तीन भावंडांना शाळेतून काढले. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली ती मुले. राष्ट्रगीत सुरू झाले की आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे म्हणत नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 ऑगस्ट 1986 ला न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला की मुलांना शाळेत परत घ्या. आदराने उभे राहणाऱ्याने राष्ट्रगीताचा अपमान केलेला नाही, आणि न म्हणण्याची शिक्षा म्हणून त्याला शाळेबाहेर काढता येणार नाही. जी गोष्ट राष्ट्रगीताला लागू ती प्रतिज्ञेला तर नक्कीच लागू.

गंमत अशी की या गृहस्थांना त्या दिवशी आम्ही विनंती केली, साहेब, आपण सुरुवात करा, आम्ही मागून म्हणतो. ते तिसऱ्या वाक्यावर थांबले. दुसऱ्याची देशभक्ती मोजायला निघालेल्यांची अवस्था बहुधा अशीच असते. स्वतःला न येणाऱ्या प्रतिज्ञेची काठी करून ती शेजाऱ्याच्या पाठीत घालायची. देशातले सगळे आपले भाऊ-बहीण असे म्हणायला लावण्यासाठी एका भावाला वर्गाबाहेर काढायचे! प्रतिज्ञेचा याहून मोठा अपमान ती विसरणारासुद्धा करत नाही.

"नुसती पोपटपंची"

उरला पोपटपंचीचा आक्षेप. हो, मूल आधी पोपटासारखेच म्हणते. पाढे असेच शिकलो, शुभंकरोति असेच शिकलो, रामरक्षा असेच शिकलो. कळून मग पाठ करायचे ठरवले असते तर आम्हाला आजही बे एके बे आले नसते. लहानपणी शब्द आत जाऊन बसतात आणि अर्थ त्यांच्यात पुढे केव्हातरी उतरतो.

पण इथे आम्हाला एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. आम्ही दहा वर्षे रोज प्रतिज्ञा म्हटली. त्यानंतर आम्ही काय केले? कचेरीत काम लवकर व्हावे म्हणून पाकीट दिले, काहींनी घेतलेही. घर भाड्याने देताना आडनाव विचारले आणि आडनाव ऐकून खोली भरली आहे असे सांगितले. चारमिनारच्या पलीकडच्या माणसांबद्दल आणि कामाला येणाऱ्या बाईच्या जातीबद्दल मुलांसमोर काय काय बोललो ते आठवले तर मान खाली जाते. देशबांधवांच्या कल्याणात आपले सौख्य आहे असे म्हणणारी हीच तोंडे. मग पोपटपंची म्हणणारे बरोबरच नाहीत का?

अर्धे बरोबर आहेत. प्रतिज्ञा म्हटल्याने माणूस चांगला होत नाही. लग्नात वचने घेतल्यानेही नवरा चांगला होत नाही. पण म्हणून वचन निरुपयोगी होत नाही. वचन दिले की समोरच्याला विचारण्याचा हक्क मिळतो: बाबा रे, तू असे म्हणाला होतास, मग हे काय? त्या संध्याकाळी त्या मुलीची प्रतिज्ञा ऐकून आम्हाला लाज वाटली ती का? वाक्ये आम्हाला माहीत होती म्हणून. ज्या मुलाने ती ऐकलीच नाहीत त्याला कधी लाजही वाटणार नाही. उद्या तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये रखवालदाराला शिरू देणार नाही आणि आपण काही चुकलो हे त्याच्या गावीही नसेल. पाठ असूनही न पाळणे हे पाप आम्ही केले. पाठच नसणे ही मुलांची उपासमार आहे, आणि ती आमच्याच हातून झाली.

पोपटपंचीवर उपाय प्रतिज्ञा बंद करणे हा नव्हे. उपाय म्हणजे ती समजावून सांगणे. महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020 पासून शाळांतून संविधानाची उद्देशिका वाचायला सुरुवात झाली, कर्नाटकातही 2023 मध्ये तसा निर्णय झाला. चांगली गोष्ट आहे. पण कागदावरचे वाचन वाढवत नेले आणि एकाही वाक्यावर मुलांशी बोललो नाही, तर सकाळची सभा लांबेल, दुसरे काही होणार नाही.

ठराव काय आहे?

म्हणून ठराव जसा आहे तसा सांगतो, म्हणजे सभेत कोणी ऐकीव गोष्टींवर भांडणार नाही.

एक, बालवर्गाची सुरुवात प्रतिज्ञेने व्हावी. एका रविवारी मराठीत, पुढच्या रविवारी तेलुगूत. दर वेळी वेगळ्या मुलाने पुढे उभे राहून सांगावी, म्हणजे सगळ्यांना पाठ होईल.

दोन, ज्या मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना म्हणायचे नसेल त्याने शांत उभे राहावे. त्याला कारण विचारू नये, त्याची नोंद ठेवू नये, त्यावरून कोणी त्याला चिडवले तर चिडवणाऱ्याला समज द्यावी.

तीन, महिन्यातून एकदा एका वाक्यावर दहा मिनिटे बोलणे व्हावे. सौजन्य म्हणजे काय, निष्ठा कशाशी, सहोदर कोण. व्याख्यान नको, मुलांनीच बोलावे.

चार, वर्गाच्या भिंतीवर दोन्ही भाषांतली प्रतिज्ञा लावावी, आणि तिच्याखाली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे नाव ठळक अक्षरांत असावे.

पाच, प्रत्येक सभासदाने आपल्या मुलाच्या किंवा नातवंडाच्या शाळेत पुढच्या पालकसभेला एकच प्रश्न विचारावा: प्रतिज्ञा रोज होते का? भांडायचे नाही, फक्त विचारायचे. दहा पालकांनी विचारले की अकराव्या दिवशी सुरू होते, असा आमचा शाळांच्या बाबतीतला अनुभव आहे.

सहा, मंडळाची प्रत्येक सर्वसाधारण सभा प्रतिज्ञेने सुरू व्हावी. जे मुलांना सांगायचे ते आधी मोठ्यांनी म्हणावे.

खर्च शून्य. वेळ दोन मिनिटे. ज्यांना ही दोन मिनिटे जड वाटतात त्यांना आम्ही आठवण करून देतो की गेल्या वार्षिक सभेत जेवणाच्या कंत्राटावर आपण पाऊण तास बोललो होतो.

आणखी एक सुचवावेसे वाटते. त्या रखवालदाराच्या मुलीला बालवर्गात बोलवावे, पहिल्या तेलुगू रविवारी तिनेच पुढे उभे राहून प्रतिज्ञा सांगावी आणि आमच्या मुलांनी तिच्या मागून म्हणावी. सभासदाचे मूल नसल्यामुळे नियमात बसत नाही, असे एका पदाधिकाऱ्याने आम्हाला कळवले आहे. नियम बदला. सहोदर या शब्दाचा अर्थ मुलांना शिकवायचा तर फळ्यावर लिहून काय उपयोग, जर दाराशी उभ्या असलेल्या मुलीला आपण आत घेणार नसू?

वार्षिक सभेला अवश्य या. ठरावाच्या बाजूने मत द्या, विरुद्ध द्यायचे असेल तर उभे राहून कारण सांगून द्या. सभेच्या सुरुवातीला आम्ही प्रतिज्ञा म्हणणार आहोत, ठराव मंजूर होवो वा न होवो. मधली वाक्ये आठवत नसतील तर आधीच्या रविवारी नातवाला घेऊन बसा. दोघांची मिळून पाठ होईल.

जय हिंद!